डावीकडचं पान

पद्माकर, तुझ्या कार्याच्या पंगतीत मी घोळ घातला. मोठा नाही, एका तुकडीएवढा.

सुतक फिटलं होतं. तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिखटाचं जेवण होतं, आणि आबांनी सकाळी स्वतः तळ्यात उतरून जिताडा काढला होता. ऐंशीच्या घरातला माणूस, छातीभर पाण्यात. मुलाच्या पानाला बापाच्या हातचा मासा हवा, असं ते म्हणाले. ओटीवर पानं मांडली. माझ्या डावीकडच्या पानावर बसायला कुणी तयार होईना, कारण चोवीस वर्षं तिथे तू बसत आलास. शेवटी आबाच येऊन बसले. मी उजवीकडच्या पाहुण्याला तुझीच काहीतरी गोष्ट सांगत होतो. मी सांगायला लागलो की माझे हात कुणाच्याच ताब्यात नसतात, हे तुला माहीत आहे. वंदना वाढत आली, माझ्या पानात जिताड्याची तळलेली तुकडी पडली, आणि बोलता बोलता माझ्या बोटांनी ती उचलून डावीकडच्या पानात ठेवली. नेहमीसारखी.

पाहुणा माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या पलीकडे बघायला लागला, तेव्हा मी वळलो.

आबांच्या पानात दोन तुकड्या होत्या. ते एकदा तुकड्यांकडे बघत होते, एकदा माझ्याकडे.

"जावयबापू, यो काय?"

चोवीस वर्षं सांभाळलेलं आपलं गुपित मी एका घासाच्या वेळात तुझ्या बापाच्या पानात वाढून ठेवलं होतं. पुढे काय झालं ते सांगतो. पण आधी थोडं मागचं बोलू दे. तू असतास तर म्हणाला असतास, "भावजी, मुद्द्यावर या." तर आज तेवढी सूट आहे मला.

मी रोह्याकडचा, भाताचा आणि वालाचा माणूस. तुम्ही खाडीकाठच्या खारपाटातले. माझ्या लग्नात माझ्या काकांनी भर मांडवात म्हटलं होतं, "यांच्या तर पाण्यालाही मिठाची चव. पोरीचं काय सांगावं!" आबांनी ते ऐकलं. मिठागरावर उमेदीची वर्षं काढलेला तो माणूस उठला, आणि काकांच्या पानात स्वतःच्या हाताने दोन जिलब्या जास्त वाढून गेला. काकांनी त्या खाल्ल्याही. मी मात्र त्या दिवसापासून आबांसमोर मान खाली घालूनच उभा राहत आलो.

लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या घरी जेवायला आलो, तेव्हा कासू स्टेशनवर उतरल्यापासून बांधापर्यंत वंदना मला एकच गोष्ट समजावत होती. खाडीतनं आणलेलं बोटाएवढं जिताड्याचं पिल्लू तळ्यात सोडायचं, तीन-तीन वर्षं त्याला बारकी मासळी खाऊ घालून वाढवायचं, आणि मग ते कुणाला वाढायचं यावरून घराची इज्जत ठरायची. आबांनी ते माझ्यासाठी राखलं होतं. लहानपणी मासा खाऊन माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि तेव्हापासून आई मला मासा देत नसे, हे मी वंदनाला सांगायला हवं होतं. पण नव्या नवऱ्याला आपलं अंग खाजतं हे सांगायची वेळ कधी येत नाही. शिवाय कोळंबी, खेकडे मी रेटून खायचो, त्याने काही होत नसे. म्हटलं, लहानपणीचं ते लहानपणी गेलं असेल.

दुसऱ्या घासाला ओठ जड झाले. मी हात धुवायच्या निमित्ताने उठलो आणि पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन उभा राहिलो. तू मागोमाग आलास. तेव्हा तू चोवीस-पंचवीस वर्षांचा, मुंबईच्या प्रयोगशाळेत नुकताच चिकटलेला. माझ्या तोंडाकडे बघून तू आधी हसलास. कुणीही हसलं असतं, मला नंतर आरशात बघून माझंच हसू आलं. मग एकदम गंभीर होऊन विचारलंस, "दम लागतोय का? गळा आवळल्यासारखा?" मी नाही म्हटल्यावर कुठूनशी गोळी आणून दिलीस आणि सूज उतरेपर्यंत माझ्याशेजारी उकिडवा बसून राहिलास.

"आबांना सांगू नकोस," मी म्हटलं. "काका काय बोलले ते त्यांनी ऐकलंय. आता जावई म्हणणार, तुमच्या माशाने तोंड सुजलं."

तू जरा विचार केलास. "बरं. पुढल्या टायमाला मी डावीकडं बसतो. तुमी नुसते बोलत राहा. ते तुमाला जमतंय."

तिथून आपलं सुरू झालं. होळीला, दिवाळीला, तळं उपसायच्या दिवशी, आबा जिताडा वाढायचे आणि मी उजवीकडे तोंड करून कुठलीतरी लांबलचक गोष्ट सांगायचो. तुझा उजवा हात माझ्या पानाला लागूनच असायचा, आणि पुढे पुढे माझी बोटंही न बघता तुकडी तुझ्या पानात सरकवायला लागली. वळून बघेपर्यंत माझं पान साफ. वंदनाला मी त्याच रात्री सगळं सांगितलं होतं. ती पंगतीची मांडणी करायची, तू उचलायचास, मी बडबडायचो. तू माझी तुकडी आधी संपवायचास, तीही न चावल्यासारखी, भराभर, आणि वर वाटीभर सोलकढी. मी तुला 'दोन तुकड्यांचा धनी' असं नाव ठेवलं होतं. "फायदा हाय म्हणून तर बसतो," तू म्हणायचास. मला तुझ्या हावरेपणाची गंमत वाटायची. रविवारी संध्याकाळी तू मुंबईला परतताना पिशवीत सुकट भरून न्यायचास, तेव्हाही मी म्हणायचो, एवढं खातोस आणि अंगाला काही लागत नाही तुझ्या.

तुमच्या गावात तुला सगळे डॉक्टर म्हणायचे. तू आपला दर वेळी सांगायचास की मी तंत्रज्ञ आहे, मेंदूचे पातळ काप करून ते रंगवतो, बघतात त्या मॅडम. मला हे रंगवणं काही कळेना. म्हणून एकदा मी तुझ्या प्रयोगशाळेत आलो होतो. तू मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलंस. मी डोळा लावला आणि म्हणालो, "वा! काय नाजूक रेषा आहेत!" तू वाकून बघितलंस, मग मला बघितलंस. "भावजी, त्या तुमच्या पापण्या हायत."

डोळा बरोबर लावल्यावर मात्र मी गप्प झालो, आणि माझं गप्प होणं तुला पुढे कितीतरी दिवस सांगायला पुरलं. उंदराचा लहान मेंदू होता तो. फिक्या जमिनीवर तपकिरी झाडं एका रांगेत उभी होती, भरतीच्या चिखलात उभ्या तिवरांसारखी, वर फांद्याच फांद्या पसरलेली. तू म्हणालास, हे झाड म्हणजे एक पेशी. आणि तपकिरी दिसतंय ते कॅल्शियम धरणारं प्रथिन. ज्या पेशीत ते आहे तीच रंग घेते. बाकीच्या असून दिसत नाहीत.

"कॅल्शियम हाडांत असतं ना रे?" मी विचारलं. आमच्याकडे कॅल्शियम म्हणजे दूध, आणि आईच्या हिशेबात पानाचा चुना.

त्याचं उत्तर तू मला पुढच्या रविवारी बांधावर दिलंस. समोर बांधातून पाणी सोडायच्या उघाडीची झडप होती, पलीकडे खाडी भरत होती आणि अलीकडे तुमचं भात. तू ढेकळावर बसलास, मला समोर बसवलंस.

"ही पेशी समजा," तू शेताकडे हात केलास. "भायेर कॅल्शियम ढीगभर. आत नावाला. दहा हजार पटीचा फरक. आता ही झडप क्षणभर उघडली की पानी आत घुसतं. त्या घुसण्यालाच पेशी निरोप समजते. स्नायू असला तर आखडतो, मज्जापेशी असली तर शेजारणीला हाक मारते. पण पानी आतच राहिलं तर?"

"भात मरेल," मी म्हटलं. हे मला येत होतं.

"व्हय. म्हणून आत माणसं उभी ठेवलेली असतात. आलेलं कॅल्शियम ती पटापट उचलतात."

"आणि धरून ठेवतात."

"नाय! तिथंच तुमी चुकता. धरून बसला तर पुढल्या भरतीला त्याचा हात रिकामा कसा राहणार? उचलायचं, निरोप संपला की सोडायचं, मग पंप ते भायेर फेकतात. आनि सगळी नुसती उचलणारी नसतात. काही असं करतात, की कॅल्शियम हातात आलं की त्यांचा आकारच बदलतो आनि मग ती दुसऱ्यांना कामाला लावतात. हृदयात तसंच एक हाय. तिघं भावंडं एकत्र राहतात, ट्रोपोनिन त्यांचं आडनाव. त्यातला एक कॅल्शियम धरतो आनि दोघांना हलवतो. मग ठोका पडतो."

मी हे सगळं ध्यानात ठेवलं. म्हणजे मला तसं वाटलं. कारण त्यानंतर तू मला सांगितलंस की माझं तोंड सुजवणारं जिताड्यातलं प्रथिनही याच घराण्यातलं. माशाच्या पांढऱ्या मांसात ते खच्चून भरलेलं असतं, म्हणून मासा इतक्या झटक्यात शेपूट मारतो आणि इतक्या झटक्यात सैल सोडतो. शिजवलं तरी मरत नाही, वाळवलं तरी मरत नाही. कोळंबीत, खेकड्यात ते नाही, म्हणून ती मला चालतात. आणि त्याचाच एक भाऊ माणसाच्या मेंदूत, काही फार चपळ पेशींमध्ये बसलेला असतो.

झालं. पुढच्याच लग्नात मी हळदीला जमलेल्या मंडळींना सांगितलं की आमच्या पद्माकरने माणसाच्या मेंदूत मासा शोधला. बायका म्हणाल्या, "अगो बाय!" एका म्हाताऱ्याने विचारलं, कंचा, बोईट का? तू मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आलास. तुला इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "मेंदूत मासा नाय, भावजी! आनि मी शोधला नाय! मी रंगवतो!" मी म्हटलं, गोष्टीत थोडं मीठ घालावं लागतं. "मीठ घाला," तू म्हणालास, "पन खोटं घालू नका. खऱ्यात काय कमी हाय?"

हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी तुझं काम सांगायचो, तू ते दुरुस्त करायचास, पुढच्या वेळी मी दुरुस्त केलेलं नव्याने बिघडवायचो.

पण एकदा मी तुला अडवलं होतं, ते विसरू नकोस. मी विचारलं होतं, "त्याचा भाऊ माझ्याही मेंदूत आहे ना? मग मी माझ्यावरच का सुजत नाही?" मग म्हणालास, "प्रश्न चांगला हाय. मॅडमना विचारतो." त्या आठवडाभर मी कंपनीच्या स्टोअरमध्ये खिळेमोळे मोजताना शास्त्रज्ञासारखा वावरलो. रविवारी तू उत्तर आणलंस. दोन्ही प्रथिनं एका घराण्यातली, पण चुलत. चेहऱ्यात फरक आहे. आपल्यातलं जे आहे ते शरीर जन्मापासून ओळखतं, माशातलं समोर आलं की चोर समजून आरडाओरडा करतं. आणि मग तू हसत हसत म्हणालास, "तुमचं शरीर तुमच्या काकांसारखं हाय, भावजी. स्वतःच्या घरात तेच असलं तर कौतुक. खारपाटातून आलं की सूज."

मी हसलो. वाटभर हसलो. घराजवळच्या अष्टमीच्या पुलावर येता येता हसू थांबलं.

त्यानंतर तू मागे लागलास, की आता आबांना सांगून टाका. "रागावतील नाय. त्यो तुटणारा माणूस नाय." मी म्हणायचो, पुढच्या होळीला. तू म्हणायचास, काका वारले, त्यांचं बोलणं वारलं, तुमी अजून कुणाला घाबरता? मी म्हणायचो, तुझं काय जातंय, तुला आयत्या दोन मिळतायत. तू गप्प बसायचास. मला वाटायचं, जिंकलो.

त्या दिवशी तू बांधावरच छातीला हात लावून खाली बसलास. पेणच्या दवाखान्यात तुला नेलं, आणि मी रोह्याहून पोचेपर्यंत रक्ताचा रिपोर्ट आला होता. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, ट्रोपोनिन खूप वाढलंय. पद्माकर, खरं सांगू? इतक्या घाबरलेल्या जागी ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं मला. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिघं भावंडं ना? त्यातला कॅल्शियम धरणारा?" डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. तू खाटेवर डोळे मिटून होतास, नाकात नळी. डोळे न उघडता म्हणालास, "त्यो नाय, भावजी. रिपोर्टात बाकीचे दोघं येतात. ठोका देणारी पेशी फुटली की ते भायेर पडतात."

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. लोकांना शेवटी आशीर्वाद मिळतात, निरोप मिळतात. मला दुरुस्ती मिळाली. मी रोज ती घोकतो. रिपोर्टात बाकीचे दोघं येतात. आता कुठल्याही लग्नात चुकणार नाही.

तर पंगत.

आबांनी विचारलं, यो काय, आणि माझ्याजवळ दोन-तीन थापा तयार होत्या. तुमच्यासाठीच दिली आबा, तुमचा हक्क पहिला, वगैरे. पंगतीला त्या पटल्याही असत्या. पण डावीकडे तू नव्हतास, आणि आता हे पुढे चालायचं तर दर होळीला मला एक नवी थाप लागणार होती. शिवाय मुलगा गेलेल्या माणसाच्या पानासमोर बसून त्याच मुलाला खोट्यात ओढायचं मला जमेना. मी सांगून टाकलं. उडवीपासून सगळं. सांगताना मधेच मी उघाडी, भरती, चुलत प्रथिन असंही काही आणलं, तेव्हा वंदनाने मागून हळूच म्हटलं, "मुद्द्यावर या." तुझ्या आवाजात म्हटलं तिने ते, किंवा मला तसं ऐकू आलं.

मुद्दा एवढाच होता की आबा, तुम्ही मानाने वाढायचात, मला ते बाधायचं, आणि पद्माकर उचलायचा.

पंगतीत कुणी भात कालवत नव्हतं. आबांचा चेहरा मला वाचता येईना. ज्या माणसाने तीन-तीन वर्षं मासा राखला, त्याला आज, या दिवशी, मी हे सांगत होतो.

"तोंड सुजतंय?" आबा म्हणाले.

"हो."

"म्हंजे चोवीस वरसं मी जावयाला इख वाढत आलो?"

"नाही आबा, तुम्ही मान वाढलात. माझ्या अंगालाच तो पचत नाही."

"सांगायचं नाय व्हय रं मेल्या," आबा म्हणाले. मला मेल्या म्हणाले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा जावयबापूचा मी मेल्या झालो, आणि मला भर पंगतीत रडू आलं. आबांनी पाहिलं न पाहिलंसं केलं. पुढ्यातल्या दोन तुकड्यांतली माझी होती ती त्यांनी ओळखली, उचलली, आणि आधी तीच खाल्ली. सावकाश, काटे बाजूला काढत. मग डाव्या हाताने डोळा पुसून आत ओरडले, "वंदे! जावयाला कोलंबी आन गो! उपाशी बसलाय त्यो!"

इथे मला तुझ्यावर एक उपमा सुचली आहे, कॅल्शियमची. लिहीत नाही. दुरुस्त करायला तू नाहीस.

संध्याकाळच्या आधीच आम्ही निघालो. कासूला गाडीत चढलो तर डब्यात चार माणसं. आबांनी वंदनाजवळ तुझी पिशवी दिली होती, मुंबईच्या खोलीवरून आलेली, आत कागदात बांधलेली सुकट तशीच. तिचा वास डब्यात पसरला. मी खिडकीतून बांध बघत म्हणालो, "आबांनी माझी तुकडी कशी सावकाश, काटे काढत खाल्ली बघ. पद्माकर तर दोन्ही गिळायचा. दोन तुकड्यांचा धनी."

वंदना बराच वेळ पिशवीची गाठ सोडत, बांधत राहिली. नागोठणं यायच्या आत म्हणाली:

"चिडवू नका हो त्याला आता. जिताडा त्याला लहानपणापासनं आवडायचा नाय. वासानं उठून जायचा. आई त्याच्यापुरती सुकट भाजायची. मला शपथ घातली होती त्यानं, भावजींना सांगू नकोस, ते दुसऱ्या दिवसापासनं पानावर बसायचे नायत. तुमच्या शेजारी बसून खायला लागला, तर आई अख्ख्या आळीत सांगत फिरली, जावयाचा पायगुण बगा, माझा पदू जिताडा खायला लागला."